वाटा कुणाचा, तोटा कुणाचा?

लातूरच्या गंजगोलाईत उभे राहिले की सोळा रस्ते आपल्याकडे चालत येताना दिसतात. फय्याजुद्दीन या नगररचनाकाराने आखलेली ही गोल पेठ १९१७ साली बांधली गेली. मध्यभागी अंबाबाईचे देऊळ, भोवती बाजार. या बाजाराची भाषा जरा कान देऊन ऐका. दलाल, करार, वायदा, हवाला, जामीन, वसूल, बाकी, नफा. हे सगळे शब्द मूळचे अरबी. फारसीच्या वाटेने ते मराठीत आले आणि इथलेच होऊन बसले. त्यांच्या शेजारी हुंडी, आडत, बटई, सावकार हे शब्दही नांदतात. व्यापाऱ्याच्या एकाच वहीत दोघांना जागा मिळाली. शरियत म्हणजे बाजाराकडे पाठ करून बसलेला कायदा, असे ज्यांना वाटते त्यांनी ही वही एकदा उघडून पाहावी.

आपल्या शेतातूनच सुरुवात करू. नांदेड असो की लातूर, बटई सर्वांना ठाऊक आहे. जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे आणि पीक दोघांचे. मराठवाड्यातले बहुसंख्य मुसलमान हनफी परंपरेचे. या परंपरेचे मूळ पुरुष इमाम अबू हनीफा इसवी सन ७६७ मध्ये वारले. ते स्वतः कुफा शहरात कापडाचा व्यापार करीत. त्यांना बटई मान्य नव्हती. जे पीक अजून उगवलेच नाही त्यातला वाटा मजुरी म्हणून कसा ठरवायचा, असा त्यांचा सवाल होता. त्यांचे दोन थोर शिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद, यांनी गुरूचे ऐकले नाही. खैबरची जमीन प्रेषितांनी तिथल्या ज्यू शेतकऱ्यांना निम्म्या वाट्याने कसायला दिली होती, हा दाखला त्यांच्यापुढे होता आणि लोकांची गरज व वहिवाटही होती. पुढे हनफी परंपरेने गुरूचे मत बाजूला ठेवून शिष्यांचे मत उचलले. बांधावरच्या रिवाजाला शास्त्रात जागा मिळाली ती अशी.

लोकांच्या या वहिवाटीला इस्लामी कायद्यात 'उर्फ' म्हणतात. तुर्कस्तानच्या उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' नावाची दिवाणी संहिता तयार झाली. व्यापाऱ्यांमध्ये जे रूढ आहे ते करारात लिहिल्यासारखेच समजावे, असे त्या संहितेने मानले. आपल्या गावगाड्यातला मुलाणी घ्या. बोकड हलाल करणे हे त्याचे काम आणि त्याबद्दल खळ्यावर बलुते. मजुरी आधी ठरलेली असावी, असे शास्त्र सांगते. पण मुलाण्याने कधी करारनामा लिहून घेतला नाही. किती पसे धान्य घालायचे हे गावाला ठाऊक होते आणि गावाला ठाऊक असणे हाच करार होता.

पण प्रत्येक रिवाज असा भला नसतो. कुराणाने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा दिला आहे. आपल्या खेड्यांत, घर मुसलमानाचे असो की हिंदूचे, बहिणीने हक्कसोड लिहून द्यावा आणि साडीचोळी घेऊन माहेरची वाट उघडी ठेवावी, ही रीत. सातबाऱ्यावर भावांची नावे चढतात, बहिणीचे चढत नाही. १९३७ च्या शरियत कायद्याने वारशासारख्या बाबतीत रूढीऐवजी शरियत लागू केली. १९५९ च्या कायद्याने तो पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातल्या भागांपर्यंत आणला. मात्र मूळ कायद्यातूनच शेतजमीन वगळलेली होती. जिथे खेड्यातल्या माणसाची खरी मालमत्ता, नेमका तिथेच कायदा बांधावर थांबला. शास्त्रकार स्पष्ट सांगतात की धर्मवचनाने दिलेला हक्क रिवाजाला बुडवता येत नाही. बटईचा रिवाज स्वीकारला गेला, कारण त्यात दोघांचे पोट भरते. बहिणीचा वाटा गिळणाऱ्या रिवाजाला हे समर्थन मिळू शकत नाही. रिवाज जुना आहे की नवा, हा प्रश्न दुय्यम. तो कुणाचा वाटा खातो, हे पाहायचे.

आता व्याजाकडे येऊ. शरियतीत व्याज हराम. मग निजामाच्या राज्यात व्याज नव्हते की काय? होते, आणि भरपूर होते. मारवाडी आणि कोमटी सावकार तर होतेच, पण अरब आणि रोहिले यांची सावकारीही धास्तीची होती. अरब सावकार कर्जदाराला आपल्या खासगी कैदेत डांबून ठेवीत. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांना त्याचा बंदोबस्त करावा लागला. १३४९ फसली, म्हणजे १९३९-४० च्या सुमारास, संस्थानाने सावकारी नियंत्रणाचा कायदा केला. १९४२ मध्ये सुरू झालेली हैदराबाद स्टेट बँकही व्याजावरच चालली. त्याच हैदराबादेत बिनव्याजी कर्ज देणाऱ्या लहान संस्थाही होत्या. उस्मानिया विद्यापीठातले विद्वान डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी त्यांच्याविषयी लिहून ठेवले आहे. म्हणजे राज्य मुसलमानाचे असले तरी बाजार आपल्या वाटेने गेला आणि पर्याय उभा केला तो साध्या माणसांनी.

लातूरहून बार्शीला गेले की तेव्हा इंग्रजी मुलूख लागे. तिथे आणखी एक गंमत होती. हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. दुपटी-दुपटीने वाढणाऱ्या व्याजाचा कुराणानेही निषेध केला आहे. दोन्ही धर्मांची नजर एकाच जखमेवर होती. पण मुंबईच्या न्यायालयांनी दामदुपटीचे संरक्षण कर्जदार हिंदू असेल तरच दिले, आणि १८५५ च्या कायद्याने व्याजदरावरच्या जुन्या मर्यादा उठवल्या होत्या. मुसलमान शेतकऱ्याच्या हाती ना कुराणाचा आधार राहिला, ना स्मृतीचा.

बटई आणि व्याज यांतला फरक दुष्काळात कळतो. पाऊस पडला नाही तर बटईत मालकाचाही वाटा जळतो. व्याजाला पाऊस लागत नाही. ते कोरड्या आभाळाखालीही वाढते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. विहिरी आटल्या होत्या, व्याज आटले नव्हते. त्याच वर्षी लोकमंगल सहकारी बँकेने बार्शीत बिनव्याजी ठेवींतून बिनव्याजी कर्ज देण्याचा प्रयोग सुरू केला. रघुराम राजन समितीने २००८ मध्येच बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. मात्र हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये कळवले. अडचण कायद्याचीही आहे. इस्लामी पद्धतीत बँक वस्तू स्वतः विकत घेऊन नफ्याने विकते, आणि १९४९ चा बँकिंग कायदा बँकेला मालाच्या खरेदी-विक्रीचा धंदा करू देत नाही.

पण सगळा दोष कायद्यावर ढकलून चालणार नाही. समजा, पाच लाखांचा ट्रॅक्टर कुणी सहा लाखांना हप्त्याने विकला. वरच्या लाखाला नफा म्हटले की शास्त्राची अट पुरी होते. पण हप्ता थकताच तोच दट्ट्या आणि तीच जप्ती येणार असेल, तर कर्जदाराला नुसत्या शब्दाचा काय उपयोग? बंगळुरूच्या आय मॉनेटरी अॅडव्हायजरी या कंपनीने हलाल गुंतवणुकीच्या नावाने ठेवी गोळा केल्या. २०१९ मध्ये ती कोसळली आणि हजारो मुसलमान कुटुंबांची पुंजी अडकली. पाटीवर अरबी शब्द होता म्हणून लोकांनी हिशेब विचारला नाही.

मी कवी आहे, शब्दांवर माझे पोट आणि प्रेम दोन्ही आहे. तरीही सांगतो, व्यवहारात शब्दाला भुलू नका. नफा म्हणा, व्याज म्हणा, हदिया म्हणा. सही करण्याआधी एकच विचारा. पाऊस नाही पडला, धंदा नाही चालला, तर तोटा कुणाचा? उत्तर 'दोघांचा' असे आले तर तो व्यवहार आपल्या बटईच्या जवळ आहे आणि अबू यूसुफांच्याही. उत्तर 'फक्त तुमचा' असे आले, तर पाटी हिरवी असो, भगवी असो की सरकारी, आत सावकाराचीच वही आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)