बोरघाटाच्या पायथ्याशी, 1968

डिसेंबर 1968 चा पहिला आठवडा. मुंबईच्या गोदीत तुम्ही टाचा उंचावून उभे आहात. लंडन ते सिडनी मोटार शर्यतीसाठी 24 नोव्हेंबरला लंडनहून सुटलेल्या 98 गाड्यांपैकी 72 तेहरान, काबूल, दिल्ली करत इथवर पोचल्या. आता त्या ‘चुसान’ बोटीनं ऑस्ट्रेलियाला जाणार. गर्दीचा जीव आघाडीवरच्या रॉजर क्लार्कच्या लोटस कॉर्टिनात अडकलाय. सिडनीत मात्र जिंकणार आहे अँड्र्यू कॉवनची साधीसुधी हिलमन हंटर, आणि हे इथं फक्त तुम्हाला ठाऊक! पैज लावायचा मोह आवरा. याच शर्यतीतल्या झसाडाची पोर्शे 911 बघा. एवढी देखणी स्पोर्ट्स कार, पण पुढून लोखंडी नळ्यांचा पिंजरा. ऑस्ट्रेलियात कांगारू आडवे येतात म्हणून.

म्हणजे वाटेत काय आडवं येणार, ते आधी ओळखायचं. एवढंच डोक्यात घेऊन तुम्ही गाडी पकडता. कर्जतला पुण्याच्या गाड्यांना मागून रेटायला जादा इंजिनं लागताहेत. तुम्ही मात्र खोपोलीच्या शटलमध्ये शिरता.

खोपोलीच्या शेडमध्ये एमजी टीसी मोटार उभी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरची, 1250 सीसीची, तारांच्या उंच चाकांची. हिला मागून रेटायला कुणी नाही. क्रोम घासून चकाचक करणारे हौशी लोक पुढं पुष्कळ येतील. मला त्यांचं फारसं कौतुक नाही. मिस्त्रीनं बंपरला हातही लावलेला नाही. त्यानं आधी पेट्रोलचा पंप उचकटलाय. बॉनेटखाली, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर तो बसवलेला असतो. घाटात बॉनेट तापलं की पेट्रोलची वाफ होते आणि भर चढावर गाडी मान टाकते. म्हणून पंप मागं, टाकीजवळ. इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा. स्प्रिंगच्या पाट्यांना घट्ट गुंडाळलेली सुतळी, म्हणजे खड्ड्यात त्या फार उसळणार नाहीत. बॉडीचा मूळ सांगाडा अ‍ॅश लाकडाचा. चार पावसाळ्यांत कुजलेले तुकडे काढून सुतारानं सागवान घातलंय. शुद्धतेचे पुजारी नाक मुरडतील. मुरडू देत, कोकणातला पाऊस त्यांना कुठं सोसायचाय?

‘‘बसा साहेब, वर जाऊन येऊ.’’

मालाचे ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हताहेत. शिंग्रोबाच्या देवळाशी क्लीनर नाणं फेकतो, तुम्हीही फेकता. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या या शिंग्रोबा धनगराला त्यांनीच गोळी घातली, असं इथं सांगतात. वळणावर पाणी तापतं, पण मागून पंपाची टकटक अखंड चालू. खंडाळ्याला पोचता तेव्हा मिस्त्री रेडिएटरचं झाकण उघडू देत नाही. ‘‘वाफेनं तोंड भाजेल.’’

उतरताना खरी परीक्षा. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि नुसत्या ब्रेकवर घाट उतरला तर ते तापून पकड सोडतात. ‘‘ज्या गिअरात चढलो, त्याच गिअरात उतरायचं,’’ मिस्त्री बजावतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं, ते ओरडू द्यायचं. खोपोलीत टेकता तोच ब्रेकच्या लायनिंगचा जळका वास येतो. मिस्त्री एकेका ड्रमजवळ तळहात नेतो. पुढचा डावा उजव्यापेक्षा जास्त तापलाय, शू घासतोय. तो जॅक लावायला सांगतो.