उजेड साठवणारी काच

भाईंदरच्या गच्चीवरून देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी शोधणं म्हणजे निव्वळ हट्ट. हायवेचे दिवे आणि टॉवरांचा झगमगाट तिला पुसून टाकतात. मोबाइलवर मात्र ती जांभळ्या-सोनेरी थाटात येते, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "सगळं एडिटिंग आहे." म्हणणाऱ्याचं अगदीच चुकत नाही, पण या फोटोचं कूळ खानदानी आहे.

डोळा उजेड क्षणभरच धरतो. रसायन चोपडलेली काच तासभर साठवत राहते. हेन्री ड्रेपरने 1880 मध्ये मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला. खरा चमत्कार घडला 1883 मध्ये, लंडनजवळच्या ईलिंगला. अँड्र्यू कॉमन हा पेशाने सांडपाण्याचा इंजिनिअर. त्याने घरच्या आवारातल्या 36 इंची दुर्बिणीवर तोच तेजोमेघ टिपला, तेव्हा दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे काचेवर उमटले. आकाश बघायचं साधन म्हणून फोटो तिथे डोळ्याच्या पुढे गेला.

या कॉमनने घडवलेला 20 इंची आरसा पुढे पुण्यात आला. एल्फिन्स्टन कॉलेजातले कावसजी दादाभाई नायगमवाला यांना भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांनी 1882 मध्ये 5,000 रुपये दिले होते. त्यातून 1888 मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा उभी राहिली. देशातली तेव्हाची सर्वांत मोठी दुर्बीण तिथे होती. नायगमवालांचा ओढा देखण्या चित्रांपेक्षा वर्णपटाकडे. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही तिथेच होते. हाती सुमारे दोन मिनिटं, तेवढ्यात प्लेटा बदलायच्या. ग्रहणाचं निरीक्षण किती घाईचं काम, हे त्यावरून कळावं.

1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. एका माणसाच्या जिवावर संस्था चालवायची आपली खोड जुनीच.

पुढे काचेची जागा 1969 मध्ये शोधलेल्या सीसीडी या प्रकाश टिपणाऱ्या चिपने घेतली. पुणं मात्र या कुळातून सुटलं नाही. तिथल्या एनसीआरए या खगोल संशोधन संस्थेच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी 2025 मध्ये जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या फोटोंतून 'अलकनंदा' ही सर्पिल दीर्घिका शोधली. विश्व जेमतेम 150 कोटी वर्षांचं असतानाची ती. वेब टिपते तो बहुतेक अवरक्त उजेड. आपल्याला तो दिसतच नाही. म्हणून लांब तरंगांना तांबडा आणि आखूड तरंगांना निळा असे रंग नेमून द्यावे लागतात. ही मनमानी नव्हे, नकाशावरच्या रंगांसारखी शिस्त आहे.

हौशी मंडळीही आता शेकडो छोटे फोटो एकावर एक रचून तोच उजेड साठवतात. चंद्र आणि गुरू भाईंदरच्या गच्चीवरूनही जमतात. देवयानीसाठी मात्र हिवाळ्यातली, अमावास्येजवळची रात्र धरावी, दादरला गाडी बदलावी आणि कर्जत लोकलने शहरी झगमगाटापासून दूरचं वांगणी गाठावं.