भात्याचा आवाज

घरातला म्हातारा कुत्रा लस टोचण्यासाठी पशुवैद्याकडे न्यावा, त्यांनी छातीला नळी लावावी, जरा जास्तच वेळ ऐकावे आणि म्हणावे, "याच्या हृदयात मर्मर ऐकू येते." कुत्र्याचे खाणेपिणे, शेपूट हलवणे सारे नेहमीसारखे असते. तरी घरच्यांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : आता किती दिवस? हा प्रश्न आधी माणसांच्या बाबतीत विचारला गेला. मर्मर ऐकायला माणूस लवकर शिकला. तिचा अर्थ लावायला मात्र फार वेळ लागला.

हृदयाचा लब्-डब् हा आवाज झडपा मिटण्याशी निगडित असतो, हे आपण वर्गात शिकवतो. या दोन ठोक्यांच्या मध्ये शांतता असायला हवी. बागेला पाणी घालताना रबरी नळीचे तोंड बोटाने दाबले की पाणी सूं करून उडते. रक्ताचेही तसेच. ते अरुंद वाटेने जोरात गेले की प्रवाहात भोवरे उठतात आणि फुसफुस ऐकू येते. तीच मर्मर.

१८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रेने लेनेक या डॉक्टरांपुढे हृदयविकाराची एक तरुण रुग्ण आली. छातीला कान लावणे संकोचाचे होते. लाकडाच्या ओंडक्याच्या एका टोकाला टाचणीने खरवडले की दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येते, हे त्यांना आठवले. त्यांनी कागद घट्ट गुंडाळून त्याची नळी केली. स्टेथोस्कोपचा जन्म असा झाला. १८१९ च्या ग्रंथात त्यांनी मर्मरीला भात्याच्या आवाजाची उपमा दिली. लोहाराचा भाता ऐकलेल्याला ती चटकन पटेल.

आधी त्यांनी या आवाजाचा संबंध झडपांशी लावला होता. पण शवविच्छेदनात निर्दोष झडपाही सापडू लागल्या, तेव्हा स्नायूंच्या पेटक्याने हा आवाज होत असावा, असे मत त्यांनी मांडले. हे कारण पुढे टिकले नाही. निरीक्षण मात्र खरे होते. ताप असेल किंवा रक्त पातळ झाले असेल, तर चांगल्या झडपेतूनही मर्मर येऊ शकते.

नंतरच्या पिढ्यांना याचा जणू विसरच पडला. मर्मर म्हणजे हृदयविकार आणि हृदयविकार म्हणजे अंथरूण, असे समीकरण रूढ झाले. त्याला धक्का दिला तो इंग्लंडमधील बर्न्ली या गिरणगावातल्या जेम्स मॅकेन्झी या साध्या कुटुंबवैद्याने. १८७९ पासून ते तेथे काम करीत होते. हृदयविकार असलेली त्यांची एक रुग्ण बाळंतपणात दगावली. आवाज कसे ओळखावेत हे पुस्तकांत होते. कोणाला धोका आहे आणि कोणाला नाही, हे नव्हते. तेव्हा मॅकेन्झींनी तीच माणसे वर्षानुवर्षे तपासून नोंदी ठेवल्या. मर्मर असलेली अनेक माणसे राबत होती, मुलेबाळे वाढवत होती, म्हातारी होत होती. पहिल्या महायुद्धात निरुपद्रवी मर्मरीपायी धडधाकट तरुण सैन्यातून नाकारले जात, त्यावरही त्यांनी टीका केली. आमच्या मते, नळीच्या शोधाइतकेच हे चिकाटीचे काम मोठे आहे. पाठ्यपुस्तकात त्याला जागा नाही, हे खरे.

१९३३ मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्याने मर्मरीच्या तीव्रतेच्या सहा पायऱ्या ठरवल्या. पशुवैद्यही त्याच वापरतात. मात्र पायरी आवाज किती मोठा, एवढेच सांगते.

कुत्र्यांकडे पद्धतशीर लक्ष गेले ते अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे. डेव्हिड डेटवायलर आणि डोनाल्ड पॅटरसन यांनी १९६५ साली साडेचार हजारांहून अधिक कुत्र्यांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयाबरोबर डाव्या अलिंद-निलयांमधली द्विदल झडप बिघडण्याचे प्रमाण वाढत जाते, असे दिसले. पाकळ्या जाड व गाठाळ होतात, त्यांना धरणाऱ्या दोऱ्या सैलावतात, झडप नीट मिटत नाही आणि रक्त मागे अलिंदात उसळते. लहान चणीच्या जातींत हे अधिक. आपल्याकडे माणसांत हीच झडप बहुधा लहानपणीच्या रुमॅटिक तापाने खराब होते; कुत्र्यात कारण जंतूंचे नसते, झिजेचे असते.

मग औषध द्यावे का, आणि कधी? आवाजावरून हे ठरत नाही, हृदय किती फुगले आहे ते पाहावे लागते. ते पाहण्याची सोय स्वीडनमधील लुंड येथे १९५३ साली झाली. इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधणारे श्रवणातीत ध्वनीचे यंत्र चक्क हृदयावर लावले. कुत्र्यांवरच्या औषधांच्या चाचण्या फार नंतरच्या. २००२ मध्ये २२९ कॅव्हेलियर स्पॅनियल कुत्र्यांवरील चाचणीत एनालाप्रिल या औषधाने काहीच साधले नाही. २०१६ मध्ये ११ देशांतील ३६० कुत्र्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कोणाला पिमोबेंडान आणि कोणाला नुसती गोळी, हे मालकांना ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नव्हते. हृदय निकामी होईपर्यंतच्या काळाचा मध्यक औषधाविना ७६६ दिवस, तर औषधाने १२२८ दिवस भरला. सुमारे पंधरा महिने! पण ही सारी कुत्री हृदय मोठे झालेली होती. ज्यांचे हृदय अजून फुगलेले नाही त्यांना औषधाचा लाभ सिद्ध झालेला नाही, आणि त्यांतल्या पुष्कळांचा शेवट हृदयामुळे होतही नाही.

म्हणून मर्मर कळल्यावर पहिले काम एक्स-रे आणि सोनोग्राफीचे. घरच्या माणसांच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. शेव, पापड यांसारखे खारट खाऊ घालणे थांबवावे, वजन वाढू देऊ नये. फिरणे बंद करण्याचे मात्र सहसा कारण नसते.

आणखी एक काम मुलांवर सोपवता येईल. कुत्रा गाढ झोपलेला असताना तीस सेकंदांत छाती किती वेळा वर येते ते मोजावे, दुप्पट करावे आणि रोज वहीत लिहावे. एरवी हा आकडा तीसच्या आत असतो. तो वारंवार तीसच्या वर जाऊ लागला तर फुप्फुसांत पाणी साचू लागल्याची शंका घेऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे, आणि जाताना वही सोबत न्यावी.