मद्यपी चालकांना दंड झाला, शिकवणीचे काय?

पनवेल : कळंबोलीपासून सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, जुना पुणे रस्ता आणि येथूनच कोकणाकडे वळणारा गोवा महामार्ग यांमुळे पनवेल परिसरातील वाहतूक रात्रीही थांबत नाही. या रस्त्यांवर मद्यप्राशन करून वाहन चालविणारा पकडला गेला आणि त्याने न्यायालयात दंड भरला, की प्रकरण मिटले, असा सर्वसाधारण समज आहे. कायदा मात्र तेथे थांबत नाही. परवाना निलंबित झालेल्या चालकाने उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने करण्यात आली आहे. पण हे प्रशिक्षण वाहन चालविण्याचे आहे. दोषी चालकाला मद्याविषयी शिकविणारे जे वर्ग परदेशांत चालतात, त्यांची तरतूद या कायद्यात नाही.

गुन्हा आणि शिक्षा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास गुन्हा ठरतो. अटक झाल्यास दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी होणे बंधनकारक आहे. सबळ कारणाशिवाय तपासणीस नकार दिल्यास तो नकारच खटल्यात चालकाविरुद्ध पूरक पुरावा ठरू शकतो. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. हेल्मेट वा सिग्नलच्या गुन्ह्याप्रमाणे हा गुन्हा रस्त्यावर तडजोड शुल्क भरून मिटविता येत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहावेच लागते.

परवान्याची वाट

कलम २०६ नुसार पोलीस चालकाचा परवाना ताब्यात घेऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवितात. पनवेलमध्ये ‘एमएच ४६’ क्रमांक देणारे परिवहन कार्यालय हे काम पाहते. चालकाचे म्हणणे ऐकल्यानंतर प्राधिकाऱ्यास कलम १९ खाली पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने परवाना निलंबित करता येतो आणि पुढील गुन्ह्यास तो रद्द करता येतो. निलंबनाची मुदत संपली तरी उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्यावरच परवाना परत द्यावा, असे हेच कलम सांगते. याखेरीज कलम २० खाली न्यायालयही दोषी चालकास वाहन चालविण्यास अपात्र ठरवू शकते.

वर्गात काय शिकवितात?

ब्रिटनमध्ये १२ महिने किंवा त्याहून अधिक काळ बंदी आलेल्या चालकास न्यायालय अशा वर्गाचा पर्याय देऊ शकते. तो किमान १६ तासांचा असतो, खर्च चालकानेच करावयाचा असतो आणि वर्ग पूर्ण केल्यास बंदी साधारण एक चतुर्थांशापर्यंत कमी होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पहिल्या गुन्ह्यासाठी सामान्यतः तीन महिन्यांत विभागलेला ३० तासांचा कार्यक्रम, तर दुसऱ्या गुन्ह्यानंतर १८ महिन्यांचा कार्यक्रम पूर्ण करावा लागतो.

तेथे व्यसनमुक्तीवर प्रवचन दिले जात नाही. प्यालेले मद्य शरीराबाहेर पडण्यास किती तास लागतात, काळी कॉफी वा थंड पाण्याने नशा उतरत नाही ती का, रात्री उशिरा प्यालेल्याचा अंमल सकाळीही कसा राहतो, हे समजावून दिले जाते. घरी परतण्याची सोय पहिला पेला उचलण्यापूर्वीच करून ठेवण्याची सवय लावली जाते.

या वर्गांचा उपयोग मर्यादित असला तरी खरा आहे. २१५ मूल्यमापनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या १९९५ मधील अमेरिकी अभ्यासात अशा उपायांमुळे गुन्ह्याची पुनरावृत्ती ७ ते ९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ज्याला व्यसनच जडले आहे, त्याला मात्र वर्ग पुरत नाही, उपचार लागतात. अशांसाठी पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र कार्यरत आहे.

न्यायालयांचे प्रयोग

कायद्यात तरतूद नसल्याने आपल्याकडील न्यायालयांनी प्रकरणागणिक वेगळी वाट काढली. दिल्लीतील १९९९ च्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दोषी चालकास दोन वर्षे समाजसेवा करण्यास सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये एका आरोपीला जामीन देताना, मद्यपान करून वाहन न चालविण्याचा फलक घेऊन शनिवार-रविवारी वरळी येथे उभे राहण्याची अट घातली. हैदराबादेत पकडलेल्या चालकांना न्यायालयात नेण्यापूर्वी कुटुंबीयांसह समुपदेशनास बोलाविण्याची पद्धत वाहतूक पोलिसांनी रूढ केली.

पुण्यातील कल्याणीनगर अपघात प्रकरणी मे २०२४ मध्ये बाल न्याय मंडळाने अल्पवयीन आरोपीला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध आणि समुपदेशनाची अट घातली, तेव्हा जनक्षोभ उसळला. दोन तरुणांचा बळी गेलेला असताना निबंध हीच शिक्षा, असे लोकांना वाटले. शिक्षण हे शिक्षेच्या जागी आले, की त्यावरचा विश्वास उडतो. ते शिक्षेच्या जोडीने यावे, हा या प्रकरणाचा धडा होय.

अशी जोड देण्यास एक जुना कायदा उपयोगी पडू शकतो. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली अपराध्याला देखरेखीखाली मुक्त करताना मद्यापासून दूर राहण्याची, तसेच गुन्ह्याची पुनरावृत्ती टाळणारी अन्य अट न्यायालयास घालता येते. मात्र बेदरकार वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत ठरणाऱ्यांना ही सवलत सहसा देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दलबीर सिंग खटल्यात बजावले आहे. म्हणजेच ही वाट अपघात न घडलेल्या, पहिल्यांदा पकडल्या गेलेल्या चालकापुरतीच खुली राहते.

वर्गाचा खरा लाभही अशाच चालकाला होऊ शकतो. उजळणी प्रशिक्षणाचे स्वरूप, अभ्यासक्रम व कालावधी ठरविण्याचा अधिकार कायद्याने केंद्र सरकारला दिला आहे. मद्याचे प्रकरण त्या अभ्यासक्रमात सक्तीचे करण्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. ते होत नाही तोवर तीन महिन्यांनी परवाना हाती येणारा चालक गाडी कशी चालवावी हे पुन्हा शिकून येईल. पण गाडी चालविण्यात तो कधी चुकलाच नव्हता. चुकले होते ते पिऊन किल्ली हाती घेणे, आणि त्याबाबत त्याला कोणी काही शिकविलेले नसेल.