दाढीचा ब्रश: कोणाचा हात, कोणाचे केस?

१/ पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारपेठेत दाढीचा नवा ब्रश घेणारा आज तीन गोष्टी पाहतो: केस कसले, मूठ कशी, किंमत किती. शंभर वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, दाढीसंबंधीचे प्रश्न निराळे होते. वस्तरा कोणाच्या हाती असणार? आणि तो कोणाच्या गालावर फिरणारच नाही? या लहानशा वस्तूमागच्या मोठ्या इतिहासाचा हा धागा. 🧵

२/ गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, आरसा आणि पाण्याची वाटी असे. ब्रश नसे. गाल पाण्याने भिजवायचे, बोटांनी चोळून केस मऊ करायचे आणि मग वस्तरा चालवायचा, ही रीत. मोबदला सुगीच्या वेळी धान्यात मिळे. पेण-रोह्याच्या खाडीकाठच्या मुलखात धान्य म्हणजे अर्थातच भात.

३/ न्हाव्याचे काम केवळ दाढीपुरते नव्हते. जावळ, मुंज, लग्न, सुतक या प्रत्येक प्रसंगी त्याची हजेरी लागे. याच वस्तऱ्याने उच्चवर्णीय विधवांचे केशवपनही होई. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून हे काम न करण्याचा निर्धार केला. त्यामागे सत्यशोधक विचारांचे कामगार पुढारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. रूढी चालवणाऱ्या हातांनीच ती नाकारली, म्हणून ही घटना महत्त्वाची.

४/ मात्र हेच हात एका मोठ्या समाजासाठी बंद होते. अस्पृश्य मानलेल्यांची हजामत गावचा न्हावी करीत नसे. त्याने केलीच, तर बाकीचे गाव त्याच्यावर बहिष्कार टाकी. म्हणजे नकार न्हाव्याच्या तोंडून येई. त्यामागची सत्ता गावाची असे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ते महाडही याच कुलाबा जिल्ह्यातले. पाणवठा, देऊळ आणि न्हाव्याचा वस्तरा ही एकाच कुलपाची तीन दारे होती.

५/ असा नकार परदेशात गांधीजींच्याही वाट्याला आला. प्रिटोरियात एका गोऱ्या केशकर्तनकाराने त्यांचे केस कापण्यास नकार दिला. गांधीजींनी यंत्र विकत घेतले आणि आरशापुढे उभे राहून स्वतःच केस कापले. ते वेडेवाकडे कापले गेले, न्यायालयात सहकारी हसले. आत्मकथेत मात्र त्यांनी त्या माणसाला दोष दिला नाही. आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची सेवा करू देत नाही, याची आठवण त्यांनी वाचकाला करून दिली. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा १९१६ साली याच गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले.

६/ आता ब्रशाकडे वळू. अठराव्या शतकात युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, तो रूढ झाला. त्यासाठी बॅजर या प्राण्याच्या केसांची ख्याती झाली. ब्रशाचे काम साधे आहे: गरम पाणी धरून ठेवणे, साबणाचा दाट फेस करणे आणि दाढीचे केस उचलून मऊ करणे. १९०४ साली जिलेटला सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले. पुढे अशी पाती स्वस्त होत गेली, तशी दाढी न्हाव्याच्या हातून स्वतःच्या हाती येऊ लागली. त्यासोबत ब्रशही घरात आला.

७/ पहिल्या महायुद्धात या ब्रशानेच जीव घेतले. युद्धामुळे बॅजरचे केस दुर्मिळ झाले. घोड्याच्या केसांना बॅजरचे रूप देऊन स्वस्त ब्रश विकले जाऊ लागले. नीट निर्जंतुक न केलेल्या केसांत अँथ्रॅक्सचे, म्हणजे सांसर्गिक काळपुळीचे, जंतू होते. वस्तऱ्याच्या बारीकशा जखमेतून ते शरीरात शिरत. ब्रिटन व अमेरिकेत मिळून २०० हून अधिक सैनिक व नागरिकांना लागण झाली. १९२० साली ब्रिटनने जपानी ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली.

८/ भारतात आणखी एक प्रश्न होता. स्वस्त ब्रशाचे राठ केस बहुधा डुकराचे असत. कुलाबा जिल्ह्यात कोकणी मुसलमानांची वस्ती जुनी; त्यांना ते निषिद्ध. प्राण्यांची चरबी असलेला साबण अनेक हिंदूंना नकोसा. आर्देशीर गोदरेज यांनी १९१९च्या सुमारास वनस्पती तेलापासून केलेला ‘चावी’ साबण बाजारात आणला, त्याला ही पार्श्वभूमी होती. गालाला काय लागते, हा धर्माचा आणि स्वदेशीचाही प्रश्न होता.

९/ पुढे सलूनमध्ये एड्सविषयीच्या जागृतीने मोठा बदल घडवला. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते लावण्याची पद्धत पडली. ब्रश मात्र पुष्कळ ठिकाणी सामाईकच राहिला. जुन्या न्हाव्याकडे ब्रश नव्हता आणि वस्तरा सामाईक होता. आता पाते ज्याचे त्याचे आणि ब्रश सगळ्यांचा.

१०/ मग नवा ब्रश निवडावा कसा?
• डुकराचे केस: स्वस्त व ताठ. आधी पाण्यात भिजवावे लागतात. वापराने टोके दुभंगून मऊ होतात.
• बॅजरचे केस: मऊ, भरपूर पाणी धरणारे, महाग, सुकायला वेळ घेतात.
• कृत्रिम धागे: प्राणिज नाहीत, लवकर वाळतात.
कोकणातल्या चार महिन्यांच्या ओलीत हा शेवटचा गुण मोलाचा. कोणताही ब्रश घेतला तरी धुऊन, झटकून, हवेशीर जागी वाळवावा.

११/ पेणचा मूर्तिकार गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना कुंचल्याचे टोक पाहतो. दाढीच्या ब्रशाचे पोट पाहायचे असते: केसांचा झुपका दाट आहे का, दाबल्यावर उसळून वर येतो का, ओढल्यावर केस हातात येतात का.

१२/ दुकानदार विचारतो, “कुठला देऊ?” या जिल्ह्यात अनेकांच्या पणजोबांना न्हाव्यासमोर बसण्याचीच मुभा नव्हती. त्यांच्या पणतवाला आज हा साधा प्रश्न विचारला जातो आणि तो आपल्या पसंतीचा ब्रश उचलतो. (धागा समाप्त)