कुतचा वेढा, स्कर्व्ही आणि शिध्यातील डाळ

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, तैग्रिस नदीच्या वळणावर वसलेल्या कुत-अल-अमारा येथे मेजर जनरल टाउनशेंड यांची सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की सैन्याच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीमुळे तिला शरण जावे लागले. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वेढ्याच्या लष्करी इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु एकाच गावात, एकाच शत्रूसमोर अडकलेल्या दोन प्रकारच्या सैनिकांना दोन निराळे आजार जडले, ही त्यातील सर्वांत बोधप्रद घटना होय.

मैद्याच्या पांढऱ्या पावावर राहणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना बेरीबेरी झाला, कारण या रोगाला दूर ठेवणारे ब१ जीवनसत्त्व धान्याच्या कोंड्यात आणि अंकुरात असते व मैदा करताना ते निघून जाते. हिंदी सैनिकांच्या शिध्यात कणीक आणि डाळ असल्याने ते बेरीबेरीपासून बचावले, पण भाजीपाला संपताच त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. ब्रिटिश सैनिक कापलेल्या घोड्यांचे ताजे मांस खात होते आणि त्यातील क जीवनसत्त्व, अल्प असले तरी, त्यांना पुरले. हिंदी सैनिकांपैकी बहुतेकांनी मात्र धर्मगुरूंची अनुज्ञा मिळूनही ते मांस एप्रिलपर्यंत नाकारले.

क जीवनसत्त्वाचे मुख्य कार्य कोलॅजन या प्रथिनाशी निगडित आहे. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या आणि हाडे यांना बांधून ठेवणारे तंतू या प्रथिनाचे असतात आणि ते तंतू एकमेकांत पक्के गुंफले जाण्यासाठी जी रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते, ती या जीवनसत्त्वाशिवाय नीट होत नाही. म्हणून त्याचा पुरवठा काही महिने तुटला की हिरड्या सुजून त्यांतून रक्त येते, दात हलू लागतात, त्वचेखाली रक्त साकळते आणि भरलेल्या जुन्या जखमाही पुन्हा उघडतात. बहुतेक सस्तन प्राणी हे द्रव्य स्वतःच्या यकृतात तयार करतात. मानवाची ती क्षमता उत्क्रांतीच्या ओघात लोपली असल्याने त्याला ते अन्नातूनच मिळवावे लागते.

स्कर्व्हीवर लिंबूवर्गीय फळांचा उपाय जेम्स लिंड या नाविक वैद्याने १७४७ मध्येच बारा रुग्णांवरील प्रयोगाने दाखवला होता, आणि १७९५ पासून ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस नियमाने दिला जाऊ लागला. पुढे भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधील छोट्या हिरव्या लिंबांचा रस वापरात आला. तो साठवणीत फारच निष्प्रभ ठरतो, हे लंडनच्या लिस्टर संस्थेतील हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महायुद्धाच्या काळात सिद्ध केले.

चिक यांच्या संशोधनाचा दुसरा निष्कर्ष मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. ते भिजवून त्याला मोड आले की बीजात ते नव्याने निर्माण होते आणि गिनीपिग या प्राण्याला होणारी स्कर्व्ही त्याने टळते. नॉर्वेतील फ्युर्स्ट यांनी १९१२ मध्येच हे दाखवले होते. १९१७ पासून चिक यांनी ते सैन्याच्या आहाराला लागू केले आणि युद्धाच्या अखेरीस सर्बियन सैनिकांवरील उपचारात मोड आलेला घेवडा लिंबाच्या रसापेक्षा उणा पडला नाही. मात्र यासाठी कडधान्य सालासकट अखंड हवे. सोललेल्या, भरडलेल्या डाळीला कितीही भिजवले तरी मोड येत नाहीत, आणि मोड आलेले धान्यही फार वेळ शिजवले तर त्यातील बरेचसे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते.

मटकीला मोड आणणे दख्खनच्या घरोघरी रोजचे होते. त्याच प्रदेशातून भरती झालेल्या सैनिकाला सरकारी शिध्यातून मात्र मोड न येणारी डाळ मिळत होती. कुतमधील स्कर्व्हीचे खापर केवळ त्या सैनिकांच्या धर्मनिष्ठेवर फोडणे म्हणूनच अन्यायाचे आहे. तिच्या दोषाचा मोठा वाटा शिध्याचे कोष्टक ठरवणाऱ्यांकडे जातो.