उष्टावणाचा महिना

घरातलं बाळ सहा महिन्यांचं होत आलं की त्याच्या मामाला निरोप जातो. मुलगा असेल तर सहावा किंवा आठवा महिना, मुलगी असेल तर पाचवा किंवा सातवा, असा हिशेब मांडून दिवस काढला जातो. पाट, पाटाभोवती रांगोळी, चांदीची वाटी, वाटीत तांदळाची किंवा रव्याची खीर आणि मामाच्या हातात सोन्याची अंगठी. अंगठीला लागलेली खीर बाळाच्या ओठांना टेकवली की उष्टावण झालं. मग पुढ्यात पुस्तक, लेखणी, दागिना, एखादं अवजार ठेवायचं आणि बाळ कशाला हात घालतं ते बघायचं. मोठेपणी ते कशावर पोट भरेल, याचा अंदाज घेण्याची ही रीत जुन्या धर्मनिबंधांतही सापडते.

सोहळा तासाभरात आटोपतो. दूध पिणाऱ्या बाळाला अन्नावर कधी आणि कसं आणायचं, हा त्यामागचा प्रश्न मात्र दीड-दोन वर्षं घरात मुक्काम ठोकून असतो. त्याचं उत्तर कोण देणार, यावरून महाराष्ट्रात आणि बाहेर बरंच काही घडून गेलं आहे.

पारस्कर आणि आश्वलायन या दोन्ही गृह्यसूत्रांत अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितलं आहे, आणि मनुस्मृतीतही तोच महिना आहे. सूत्रकारांची वाटी मात्र आजच्या खिरीपेक्षा फार निराळी होती. बाळाला पुष्टी हवी तर बोकडाचं मांस, विद्येचं तेज हवं तर तित्तिर पक्ष्याचं, कांती हवी तर तूपभात, असे पर्याय आश्वलायनानं दिले आहेत. पारस्कराच्या यादीत मासेही आहेत. आज उष्टावणाच्या ताटात मांसाचं नाव काढलं तर अनेक घरांत भुवया उंचावतील, पण परंपरेचा जुना थर असा होता. हे अन्न पोट भरण्यासाठी नव्हतंच. बाळानं पुढे कसं व्हावं याची इच्छा त्या पहिल्या घासात घातली जात होती.

पोटाचा विचार वैद्यांनी केला. सुश्रुतानं शारीरस्थानात सहाव्या महिन्यापासून हलकं आणि हितकर अन्न द्यायला सांगितलं. बालरोगांवरच्या काश्यपसंहितेनं आणखी सावध पाऊल टाकलं. सहाव्या महिन्यात आधी फळांचा रस आणि फळं, धान्य मात्र दात आल्यावर किंवा दहाव्या महिन्याच्या सुमारास. वाग्भटानं तर दूध तोडण्याची पद्धतच दिली. दात आले की अंगावरचं दूध हळूहळू कमी करावं आणि दूध सुटलेल्या बाळाला चारोळी, ज्येष्ठमध, मध, साळीच्या लाह्या आणि खडीसाखर यांचा लाडू द्यावा, असं अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात आहे. यातल्या मधाविषयी आजचे डॉक्टर हात आखडता घेतात. मधातल्या जंतुबीजांमुळे तान्ह्या बाळांना बोट्युलिझम नावाची घातक विषबाधा होऊ शकते, हे १९७०च्या दशकात लक्षात आलं आणि वर्षाच्या आत मध नको हा नियम आला. बाकी वाग्भटाची दिशा पक्की होती. त्यानं एक तिथी सांगितली नाही. दात, पचन आणि बाळाची तयारी बघत दूध व अन्न यांचं प्रमाण बदलत न्यायला सांगितलं.

पोथ्या सगळ्या घरांत नव्हत्या. तिथं निर्णय आजीचा आणि सुईणीचा. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, बदाम, खारीक यांचे वेढे उगाळून गुटी द्यायची. वरचं दूध पाजायला पितळेचं किंवा चांदीचं बोंडलं. मग भाताची पेज, मऊ भात, मुगाची खिमट, कोकणात नाचणीचं सत्त्व, गोव्यात नाचणीची तिझण. दूध तोडायची वेळ आली की स्तनाग्राला कोरफडीचा गर किंवा कडुलिंबाचा पाला वाटून लावायचा, नाहीतर बाळाला चार दिवस आजीजवळ ठेवायचं. हे कधी करायचं ते पुष्कळदा बाळाच्या वयावरून ठरत नसे. आईला पुन्हा दिवस गेले की थोरल्याचं पिणं तुटे, मग ते चौदा महिन्यांचं असो की दोन वर्षांचं.

मुंबईच्या गिरण्यांनी ही सगळी घडी मोडली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापडगिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. कोकणातून, देशावरून आलेल्या या बायका प्रामुख्यानं रिळांवर आणि सूत गुंडाळायच्या खात्यांत काम करत. १८९१च्या कारखाना कायद्यानं बायकांचा कामाचा दिवस अकरा तासांवर आणला होता. अकरा तास गिरणीत, वर जाण्यायेण्याचा वेळ, आणि चाळीच्या एका खोलीत तान्हं मूल. त्याला पाजायचं कधी? गावाकडची सासू सोबत असेल तर ठीक, नसेल तर शेजारीण, नाहीतर सात-आठ वर्षांची थोरली बहीण.

आणि बाळागोळी. अफू घातलेली ही गोळी सकाळी बाळाच्या तोंडात घातली की ते गुंगून दिवसभर पडून राही. गिरणीतल्या बायकांच्या परिस्थितीची पाहणी करायला मुंबई सरकारनं डॉ. बार्न्स यांना नेमलं होतं. त्यांची निरीक्षणं १९२२मध्ये प्रसिद्ध झाली. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. अफूनं बाळाची रड थांबते, तशी भूकही मरते. ज्या महिन्यांत वाटीतलं अन्न वाढत जायला हवं, तेच महिने हे बाळ झोपून काढत होतं. १९२१मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर १००० जन्मांमागे ६००हून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. या आकड्यात फुगवटा आहे, कारण बाळंतपणाला गावी गेलेल्या बायकांच्या बाळांचा जन्म गावात आणि मृत्यू शहरात नोंदला जाई. फुगवटा वजा केला तरी जे उरतं ते भयानक आहे.

त्या काळातल्या अहवालांत आणि भाषणांत या मृत्यूंचा दोष बहुधा आईच्या अज्ञानावर टाकलेला दिसतो. १९२४मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांच्या पुढाकारानं देशभर शिशुसप्ताह साजरा झाला. व्याख्यानं, तक्ते, गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा, बक्षिसं. त्यात चांगलं काम करणारी माणसं होती, यात शंका नाही. पण गिरणीतल्या बाईला बाळाला काय भरवायचं हे ठाऊक नव्हतं, असं मानणं अन्यायाचं आहे. पेज तिलाही करता येत होती. ती करायला, भरवायला तिच्याजवळ वेळ नव्हता. हे नेमकं ओळखलं कामगारांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या लोकांनी. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. मुंबईच्या कायदेमंडळात रा. सं. आसवले यांनी तसंच विधेयक मांडलं. १९२८मध्ये त्यावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी आईला बाळंतपणाच्या आगेमागे विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, अशी भूमिका घेतली. १९२९मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला, भारतातला या विषयावरचा पहिला. रजा काही आठवड्यांचीच होती. सहाव्या महिन्यापर्यंत ती पोचत नव्हती. कारखान्यात पाळणाघर हवं हे कायद्यानं बांधून घ्यायला १९४८ उजाडलं, तेही पन्नासहून जास्त बायका असतील तिथंच.

चाळीत अफू होती त्याच काळात सुखवस्तू घरांत डबा आला होता. युरोपात १८६०च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग आणि स्वित्झर्लंडमधल्या व्हेव्हे गावचे हेन्री नेस्ले यांनी बाळांसाठी दूध आणि धान्य यांचं तयार अन्न बाजारात आणलं. न्यूझीलंडच्या नेथन कुटुंबाची ग्लॅक्सो दूध-भुकटी लंडनमार्गे मुंबईत पोचली, आणि १९२४मध्ये तिच्या विक्रीसाठी इथं स्वतंत्र कंपनीच नोंदली गेली. जाहिरातीतलं बाळ गोरं, गुबगुबीत, हसरं. आपलं बाळ तसं दिसत नाही याची बोच नव्या शिकलेल्या आईला लागली. डबा घेणं म्हणजे शास्त्राप्रमाणे वागणं, असं वाटायला लागलं. स्वातंत्र्यानंतर म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं म्हशीच्या दुधापासून बाळांची भुकटी बनवायची रीत काढली आणि आणंदच्या अमूलनं ती उत्पादनात उतरवली. परदेशी डब्याची मक्तेदारी मोडली, ही मोठी गोष्ट. डबा मात्र घरात राहिलाच.

पाश्चात्त्य शास्त्राचं स्वतःचं मतही या काळात हेलकावे खात होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले डॉक्टर घन अन्न वर्षाच्या आसपास सुरू करायला सांगत. १९५३मध्ये वॉल्टर सॅकेट या अमेरिकन डॉक्टरनं जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून धान्याची पेज देण्याचा पुरस्कार केला. पुढे चौथा महिना, मग चार ते सहा महिने, अशी मर्यादा स्थिरावली. जागतिक आरोग्य परिषदेनं २००१च्या मे महिन्यात पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध आणि मग पूरक आहार, असा ठराव केला. आता कारणंही मापून झाली होती. जन्मताना बाळाच्या शरीरात असलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो. मान सावरलेली असते, बसायला जमू लागतं, आणि चमचा जिभेनं बाहेर ढकलण्याची सवय ओसरते. सुश्रुताचा महिना फिरून दारात आला.

या फिरून येण्यात एक लढा महाराष्ट्रातून लढला गेला. १९८१मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं बाळदुधाच्या जाहिरातींवर आचारसंहिता घातली होती. ती भारतात कायद्यात उतरावी म्हणून झटणाऱ्यांत मुंबईचे बालरोगतज्ज्ञ आणि ग्राहक संघटना पुढे होत्या. ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात भारतीय स्तनपान प्रोत्साहन जाळ्याची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी संसदेनं कायदा केला. बाळदुधाची जाहिरात बंद, फुकट नमुने बंद, डॉक्टरांना भेटी बंद, डब्यावर बाळाचं चित्र बंद. त्या कायद्यात एक उणीव होती. तयार बाळअन्न चार महिन्यांनंतरचं, असं त्यात लिहिलं होतं. २००३च्या दुरुस्तीनं चारचे सहा केले आणि दोन वर्षांपर्यंतचं बाळअन्नही बंदीच्या कक्षेत आणलं. दोन महिन्यांचा हा फरक कागदावर लहान दिसतो. शहरी घरांतल्या बाळांच्या एका पिढीला चौथ्या महिन्यात डब्यातलं पीठ भरवलं गेलं होतं, हे ध्यानात घेतलं की त्याचं वजन कळतं.

महिना ठरला. पण वाटीत काय? इथं घरातल्या प्रेमळ माणसांचीही एक चूक पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, वरणाच्या पाण्याची. वरची निवळ बाळाला आणि खालची डाळ मोठ्यांना. पाण्यात डाळीचा वास उतरतो, सत्त्व फारसं उतरत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला साधारण २०० उष्मांक लागतात, वर्षानंतर ५५०. बाळाचं पोट मात्र दर किलो वजनामागे जेमतेम ३० मिलीलीटर. पातळ अन्नानं ते लगेच भरतं. घट्ट शिजवावं तर पिठाची पेज खळीसारखी होते आणि बाळ गिळत नाही. या पेचावर १९८०च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि सहकाऱ्यांनी काम केलं. धान्याला मोड आणून, वाळवून केलेलं चिमूटभर पीठ घट्ट पेजेत घातलं, तर मोडांमधलं अमायलेज विकर स्टार्च तोडतं, पेज सैल होते आणि अन्नाचं मोल तेवढंच राहतं. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून ठेवणाऱ्या बायका हे तंत्र हातानं जाणत होत्या. गव्हाच्या चिकासारखी फक्त स्टार्च उरणारी सत्त्वंही त्याच फडताळात असत, हेही खरं. म्हणून जुनं ते सगळं उत्तम असं म्हणता येत नाही. नाचणीच्या मोडांची गोष्ट मात्र निर्विवाद उत्तम आहे, आणि ती अंगणवाडीच्या प्रत्येक मदतनिसाला दाखवायला हवी.

महाराष्ट्रानं या टप्प्यावर गंभीरपणे काम केलेलं आहे. १९७०पासून जामखेडमध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. बाळाला काय भरवायचं हे त्या बायका चुलीशी बसून शेजारणीला सांगत, म्हणून ते पटे. २००५मध्ये औरंगाबादेत राजमाता जिजाऊ मिशन उभं राहिलं आणि पहिल्या १००० दिवसांवर भर आला. राज्यातल्या दोन वर्षांखालच्या, वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१२च्या पाहणीत २३ टक्क्यांवर आलं. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी फक्त ११.३ टक्के आढळली.

२०१७मध्ये बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली. मोजली तर बरोबर सहा महिने, म्हणजे उष्टावणापर्यंत. नोकरदार बाईला गिरणीतल्या पणजीच्या तुलनेत हा मोठाच आधार आहे. पण बीडच्या गावांतून दसऱ्याच्या आसपास निघणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. तिथं बाळाचा सहावा महिना कोपीत भरतो. आई पहाटे फडात जाते आणि सकाळी केलेली भाकरी दूध-पाण्यात कुस्करून थोरली बहीण बाळाला भरवते. स्थलांतरित मायलेकरांची नोंद ठेवून त्यांना जातील तिथल्या अंगणवाडीशी जोडणारी प्रणाली राज्यानं २०२२मध्ये आणली. नोंद झाली म्हणजे अंगणवाडीतून आहाराचं पाकीट मिळू शकतं. दिवसातून तीन वेळा ताजं शिजवून भरवणारं माणूस त्यातून मिळत नाही. त्यासाठी हंगामापुरती पाळणाघरं फडांजवळ उभी करावी लागतील, आणि हा खर्च साखर कारखान्यांनी व शासनानं मिळून उचलायला हवा. १९४८च्या कायद्यानं गिरणीमालकांवर टाकलेली जबाबदारी मुकादमाच्या टोळीपर्यंत अजून पोचलेली नाही.